उंची गेली कुठे?

आज एक कोडं घालते. कॅनडाच्या पश्चिमेला, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात व्हिसलर नावाचं गाव आहे. समुद्रसपाटीपासून साधारण ६७० मीटरवर, म्हणजे आपल्या पुण्यापेक्षा थोडंसंच उंच. गावाच्या दारातच डोंगर. समजा, तिथली एक मुलगी उन्हाळ्यात सायकल घेऊन डोंगराच्या पायथ्याशी उभी आहे. केबलवर लटकणाऱ्या खुर्चीत बसून ती सुमारे ३४० मीटर वर जाते आणि मातीच्या वळणावळणाच्या वाटेने सायकलवरून खाली येते. पेडल जवळजवळ मारतच नाही. खाली आल्यावर ब्रेक दाबते आणि पुन्हा पहिल्याच जागी उभी राहते. वर असताना तिच्याजवळ ३४० मीटर उंची होती. आता नाही. मग ती उंची गेली कुठे?

‘उंची काय हरवायची वस्तू आहे?’ असं तुम्ही म्हणाल. पण विज्ञानाच्या पुस्तकात ‘स्थितिज ऊर्जा’ वाचली असेल ना? वर चढवून ठेवलेल्या कुठल्याही वस्तूजवळ ऊर्जा साठलेली असते. आणि ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त रूप बदलते, हेही तुम्ही घोकलेलं असेल. म्हणजे उंचीचं काहीतरी नक्की झालं. चला, हिशोब लावू.

मुलीचं वजन ४० किलो धरू आणि सायकलचं १६ किलो. वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची केलं की उत्तर येतं जवळपास १ लाख ८६ हजार जूल. हा आकडा ऐकून डोळ्यांसमोर काहीच येत नाही ना? मग असं बघा. वाटेत हवा नसती, घर्षण नसतं आणि ही सगळी ऊर्जा वेगात उतरली असती, तर पायथ्याशी पोचताना मुलीचा वेग ताशी २९० किलोमीटरच्या आसपास असता! या उत्तराला वजन लागतच नाही. मुलीच्या जागी हत्ती घसरत आला असता तरी वेग तेवढाच.

पण प्रत्यक्षात ती वाटेवर ताशी २५ ते ३० किलोमीटरने धावते, कधी त्याहूनही हळू. उरलेली सगळी ऊर्जा वाटेत कोणीतरी घेतली. ती कोणी कोणी घेतली हे शोधण्यासाठी स्कीच्या डोंगरासारखी दुसरी जागा नाही.

हो, स्कीचा डोंगर! हिवाळ्यात इथे सगळीकडे बर्फ असतो आणि लोक पायांना लांब पट्ट्या बांधून त्यावरून घसरत येतात. २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतारावरच्या स्कीइंगच्या शर्यती याच व्हिसलरला झाल्या. पण बर्फ वितळल्यावर डोंगराने काय करायचं? लोकांना वर नेणाऱ्या खुर्च्या आहेत, उतार आहे, खाली गाव आहे. १९९९ पासून इथे उन्हाळ्यात रीतसर सायकल पार्क चालतो. कॅनडा-अमेरिकेतल्या कितीतरी लहानमोठ्या स्की-डोंगरांनी हाच मार्ग धरला आहे. वाटांवरच्या पाट्यासुद्धा स्कीच्याच घेतल्या: हिरवं वर्तुळ म्हणजे सोपी वाट, निळा चौकोन म्हणजे मधली, काळा हिरा म्हणजे अवघड. नवीन मुलं हिरव्या वर्तुळापासून सुरुवात करतात, आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही.

उंची आधी मिळवावी लागते. ती देते चेअरलिफ्ट. न थांबता गोल फिरणारी जाड पोलादी केबल आणि तिला लटकलेल्या खुर्च्या. केबल सेकंदाला साधारण पाच मीटर धावते, म्हणजे आपण जीव खाऊन पळतो जवळपास तेवढी. एवढ्या वेगाने आलेली खुर्ची मागून गुडघ्यांवर आदळली तर? म्हणून नव्या लिफ्टमध्ये एक सुंदर युक्ती असते. स्टेशनात शिरताच खुर्चीची पकड केबल सोडून देते! खुर्ची वेगळ्या रुळावर येते, छोटी छोटी चाकं तिला हळू करतात, आपण निवांत बसतो. मग तीच चाकं तिचा वेग पुन्हा वाढवतात आणि पकड धावत्या केबलला अलगद धरते. केबल मात्र क्षणभरही थांबलेली नसते. सायकली खास अडकवण्यांवर चढतात आणि मालकांच्या मागे-पुढे अधांतरी डुलत वर जातात. वसंतात खुर्चीतून खाली वाकून पाहिलं, तर बर्फाखालून मोकळ्या झालेल्या उतारावर काळी अस्वलं गवत आणि क्लोव्हर खाताना दिसू शकतात. एवढा मोठा प्राणी गुरासारखा चरतो, हे मला फार आवडतं.

आपल्या मुलीला मिळालेली उंची अशी विजेच्या मोटरने दिलेली असते. आता खर्चाची बाजू.

त्यासाठी जरा मागे जाऊ, १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये. जागा अमेरिकेतली, कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाजवळची. तिथल्या काही तरुणांना जुन्या, जाडजूड टायरच्या सायकली डोंगरावर ढकलत न्यायचा आणि कच्च्या रस्त्याने सुसाट खाली यायचा नाद होता. सायकली १९३०-४० च्या काळातल्या, काहींचं वजन वीस किलोच्या वर. चार्ली केली नावाच्या तरुणाने त्यांची शर्यत भरवायला सुरुवात केली. रस्ता साधारण साडेतीन किलोमीटरचा आणि त्यात उतरायचं सुमारे ४०० मीटर. त्या सायकलींना आजच्यासारखे ब्रेक नव्हते. पेडल उलटं दाबलं की मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीत, लपलेला ब्रेक लागायचा. हबमध्ये ग्रीस भरलेलं असायचं. खाली येईपर्यंत हब इतका तापायचा, की ग्रीसचा धूर होऊन जायचा! प्रत्येक उतरणीनंतर हब उघडा, नवं ग्रीस भरा, मगच पुन्हा वर. इंग्रजीत याला ‘रिपॅक’ करणं म्हणतात. म्हणून त्या रस्त्याचं आणि शर्यतीचं नावच रिपॅक पडलं. त्या तरुणांपैकी गॅरी फिशर तिथे ४ मिनिटं २२ सेकंदांत खाली आला, आणि तो विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. त्याच्याच बरोबरीच्या जो ब्रीझने १९७७ मध्ये खास डोंगरासाठी नवी कोरी सायकल घडवली. आजच्या माउंटन बाइकची गोष्ट तिथून सुरू होते.

लक्षात आलं का? डोंगराची उंची त्या हबमध्ये शिरून उष्णता झाली होती. धूर निघत होता तो ग्रीसचा, पण तापवत होती उंची.

आजच्या सायकलींना डिस्क ब्रेक असतात. चाकाच्या मध्यावर पोलादाची पातळ चकती, आणि तिला दोन्ही बाजूंनी आवळणारे पॅड. चकतीला भोकं असतात, ती उघड्या हवेत फिरते, म्हणून लवकर निवते. तरी लांब उतारानंतर तिला बोट लावलं, तर फोड आलाच म्हणून समजा. आपल्या मुलीने सगळी ऊर्जा ब्रेकमध्येच घालवली असती, तर त्या उष्णतेत अर्धा लिटरहून जास्त पाणी उकळलं असतं. चार-पाच जणांचा चहा झाला असता, तोही एका उतरणीत!

आपल्या खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात ट्रकच्या ब्रेकचा करपट वास तुम्हाला कधी आला असेल. तिथेही हेच चाललेलं असतं. कित्येक टन माल घाटमाथ्यावरून खाली आणायचा म्हणजे त्या सगळ्या टनांची उंची तापवून सोडून द्यायची. म्हणून जाणता ड्रायव्हर नुसत्या ब्रेकवर विसंबत नाही, खालच्या गिअरमध्ये उतरतो. मग बराचसा भार इंजिन घेतं.

पण मुलीने सगळा उतार ब्रेक दाबून काढला नाही. मग बाकीचे वाटेकरी कोण? एक आहे हवा. हवेला बाजूला सारत जायला ऊर्जा लागते, आणि वेग दुप्पट झाला तर हवेचा विरोध चौपट होतो. दुसरा वाटेकरी टायर. माउंटन बाइकचा टायर जवळपास अडीच इंच रुंद असतो आणि त्यात हवा मोटारीच्या टायरपेक्षाही कमी दाबाने भरतात. दगड आला की टायर त्याच्याभोवती चेपला जातो, पकड धरतो, पुन्हा फुगतो. या चेपण्या-फुगण्यात रबर थोडं थोडं तापतं. तिसरा वाटेकरी माझा सगळ्यात आवडता: शॉकअ‍ॅब्सॉर्बर. उतारासाठीच केलेल्या सायकलीत पुढचं चाक तब्बल २० सेंटीमीटर वरखाली होऊ शकतं. त्यात एक स्प्रिंग असते, किंवा स्प्रिंगचं काम करणारी कोंडलेली हवा. पण नुसती स्प्रिंग असती, तर प्रत्येक धक्क्यानंतर सायकल उड्या मारत राहिली असती. म्हणून आत तेल असतं. चाक वर उचललं गेलं की ते तेल बारीक छिद्रातून रेटलं जातं. जाड तेलाला त्या छिद्रातून घुसायला कष्ट पडतात, त्यात धक्का जिरतो आणि तेल गरम होतं. म्हणजे दगडधोंड्यांवरून नीट चालणारी सायकल गप्पपणे तेल तापवत असते.

चौथी वाटेकरी मुलगी स्वतः. ती सीटवर बसलेलीच नाही! दोन्ही पेडल सारख्या पातळीवर, गुडघे आणि कोपरं वाकवलेली, नजर चाकावर नाही तर पुढच्या वळणावर. तिचे हातपाय हेसुद्धा शॉकअ‍ॅब्सॉर्बरच आहेत. म्हणून पेडल न मारताही खाली येईपर्यंत मांड्या भरून येतात आणि हातांच्या मुठी आखडतात. डोक्यावर हनुवटीपर्यंत झाकणारं हेल्मेट, गुडघ्यांना गार्ड आणि हातमोजे नसतील, तर लिफ्टकडे वळायचंच नाही. यात मला कुठलीही सूट मान्य नाही.

आता वळणं. सपाट वाटेवर वेगात वळलं तर चाक बाहेर घसरतं. म्हणून वळणाची बाहेरची बाजू मातीने उचलून भिंतीसारखी कलती करतात. तिला म्हणतात बर्म. समजा वळणाची त्रिज्या सहा मीटर आहे आणि मुलीचा वेग ताशी ३० किलोमीटर. हिशोब केला तर बर्म साधारण ५० अंश कलती हवी. तेवढी असली की चाकाला बाजूला घसरायचं कारणच उरत नाही, सगळा जोर सरळ मातीत दाबला जातो. पण तो जोर केवढा असतो! त्या वळणात आपली ४० किलोची मुलगी स्वतःला ६२ किलोची वाटते. दोन सेकंदांसाठी का होईना. तिची मान, खांदे, पाय, सगळ्यांनाच ते कळतं. आणि वळणातून बाहेर पडताच ती पुन्हा ४० किलोची! या झटक्याने हलकं होण्यासाठीच मुलं पुन्हा पुन्हा वर जातात, अशी माझी पक्की समजूत आहे.

वाटेवर ठिकठिकाणी मातीच्या गोल लाटा केलेल्या असतात. त्यांना रोलर म्हणतात. लाटेच्या खोलगट भागात पायांनी सायकल खाली रेटायची आणि माथ्यावर पाय दुमडून अंग हलकं सोडायचं. हे वेळेवर जमलं, तर पेडल न मारता वेग वाढतो. ही ऊर्जा डोंगराची नाही, मुलीच्या स्नायूंची आहे, म्हणजे सकाळच्या नाश्त्याची. हिशोबात जमेच्या बाजूला एक छोटी रक्कम तिच्या नावावर लिहायलाच हवी.

उड्यांमध्ये तर आणखी एक गंमत. सपाट जमिनीवर वरून आदळलं की हाडं खिळखिळी होतात. पण वाट बांधणारे उडीच्या पुढची जमीन उतरती ठेवतात, हवेतून येणारी सायकल जशी खाली येते जवळपास तशीच. मग आदळणं असं फारसं होतच नाही. वेगातला जमिनीत घुसणारा भाग अगदी थोडा उरतो आणि बाकीचा वेग तसाच पुढे धावतो.

इथपर्यंत मी सायकलचाच हिशोब मांडला. पण त्याच डोंगरावरून आणखी कोणीतरी खाली येतं, आणि त्याला ब्रेक नाहीत. पाणी!

व्हिसलरला हिवाळ्यात माथ्यावर कित्येक मीटर बर्फ पडतो. वसंतात तो वितळतो. त्या प्रत्येक थेंबाजवळ मुलीसारखीच उंची असते, आणि त्यालाही ती कुठेतरी खर्च करायची असते. पाण्याला सरळ खाली धावणारी वाट सापडली, की ते आपली सगळी ऊर्जा माती उकरण्यात घालतं. एका पावसाळ्यात पाऊलवाटेची घळ कशी होते, हे सह्याद्रीत किल्ल्यांवर जाणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. स्कीची वाट सरळ खाली उतरली तरी चालतं, कारण तेव्हा मातीवर बर्फाची गादी असते आणि बर्फ गेल्यावर गवताची मुळं माती धरून ठेवतात. सायकलची वाट मात्र उघडी माती. म्हणून ती डोंगराच्या कुशीतून आडवी, नागमोडी नेतात. वाट बांधणाऱ्यांचा एक जुना नियम आहे: डोंगराचा उतार जेवढा असेल, त्याच्या निम्म्यापेक्षा वाटेचा उतार जास्त नसावा. तो जास्त झाला, तर पाणी वाट ओलांडून पलीकडे जाण्याऐवजी वाटेवरूनच धावायला लागतं.

आता ते रोलर आठवा. थोडं उतरायचं, मग जरासं चढायचं, पुन्हा उतरायचं. सायकलला त्यात मजा येते. पण पाणी त्या खोलगट भागात येऊन अडतं, पुढचा चढ त्याला चढता येत नाही, आणि ते बाजूच्या गवतात निघून जातं. मातीची एकच लाट चढावर सायकलचा वेग आवरते, मुलीला नाश्त्याची ऊर्जा वापरायला लावते आणि पाण्याला वाटेबाहेर काढते! मला विचाराल, तर त्या सगळ्या डोंगरावरची सगळ्यात हुशार वस्तू हीच. चेअरलिफ्टसुद्धा नाही.

ही लाट टिकते कशी, हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. दिवाळीत किल्ला केला आहे ना? कोरडी माती रचली तर ढासळते, चिखल केला तर ओघळतो. मधलीच, मुठीत दाबली तर गोळा होईल इतपत ओलसर माती हवी. मातीच्या दोन कणांमध्ये पाण्याचा इवलासा पूल तयार होतो आणि तो दोघांना एकमेकांकडे ओढून धरतो. वाटेवर काम करणारी मंडळी अशीच ओलसर माती फावड्याच्या पाठीने थोपटून बर्म घडवतात. भर उन्हाळ्यात ऊन लागलं की ते पूल सुकून तुटतात आणि वाटेचा फुफाटा होतो. मग वाटेवर पाणी मारावं लागतं. सायकलवाल्यांना पाऊस पडून गेल्यानंतरची माती सगळ्यात आवडते, ती याच पुलांमुळे.

हिशोबातला शेवटचा वाटेकरी म्हणजे ही माती. ब्रेक जोरात दाबला की चाक मातीला पुढे ढकलतं, ओरबाडतं. शेकडो सायकली वळणाच्या अलीकडे त्याच जागी ब्रेक दाबतात. काही दिवसांत तिथे आडव्या वरंब्यांची रांग उठते, एकामागोमाग एक, जवळपास सारख्या अंतरावर. सायकल त्यावरून गेली की दात वाजतात. कोणी आखून केलेले नसतात, तरी इतके नेमके कसे?

असेच वरंबे कच्च्या रस्त्यांवर मोटारींनी उठतात. त्यांचा अभ्यास टोरांटो विद्यापीठातल्या स्टीफन मॉरिस यांनी, निकोला टाबर्ले आणि जिम मॅकएलवेन यांच्याबरोबर केला आणि २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांनी गोल फिरणाऱ्या टेबलावर वाळू पसरली आणि तिच्यावर एक छोटं चाक टेकवून ठेवलं. टेबल हळू फिरवलं तर वाळू सपाटच राहायची. वेग एका मर्यादेपलीकडे गेला, की आपोआप लाटा उठायच्या! चाकाला स्प्रिंग नसली तरी उठायच्या, आणि नंतरच्या प्रयोगांत चाकाऐवजी नुसती फळी ओढली तरीही. म्हणजे दोष गाडीच्या स्प्रिंगचा नाही. सुट्या वाळूवरून काहीही ठरावीक वेगापेक्षा जोरात सरकलं, की वाळू सपाट राहायला तयारच नसते.

तुमच्या गावाजवळ कच्चा रस्ता असेल, तर तो पाऊस लागण्याआधी उन्हाळ्याच्या शेवटी बघा. वळणाच्या किंवा ओढ्याच्या अलीकडे, जिथे गाड्या ब्रेक दाबतात, तिथे वरंबे आहेत का? आधी रस्त्यावर गाडी नाही ना, हे पाहा आणि मोठ्या माणसाला बरोबर घ्या. मग एका वरंब्याच्या माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत किती वीत अंतर आहे ते मोजा, दहा ठिकाणी मोजा. नंतर तोच रस्ता सरळ जातो तिथे, जिथे गाड्या सुसाट पळतात, तिथेही मोजा. दोन्हीकडचं अंतर सारखं येतं का? आकडे वहीत लिहा आणि आम्हाला पाठवा. रस्त्याचा उतार किती आहे आणि तिथून जास्त करून कोणत्या गाड्या जातात, सायकली, बैलगाड्या की ट्रॅक्टर, हेही लिहायला विसरू नका.